उरलेली रिळं आणि एकवीस वर्षांनी वाजवलेली बासरी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काकांच्या कपाटात जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा 'नाइटकॅप' हा दोन सीडींचा संच सापडला, 1993 सालचा. त्यातली पहिली सीडी म्हणजे 1972 साली फ्रान्समध्ये रेकॉर्ड करून अर्धवट सोडून दिलेला अल्बम. आता तीच रेकॉर्डिंग्ज दोन एलपींच्या रूपात पुन्हा निघाली आहेत. मित्राकडे ती ऐकली तर काही गाण्यांतली बासरीच गायब! मग खरं रेकॉर्डिंग कोणतं? आणि घरात सीडी असताना नव्या एलपींवर पैसे घालावेत का?"

बासरी गायब झालेली नाही. त्या जागी ती कधी नव्हतीच. 1972 च्या रिळांवर तिथे रिकामी जागा होती, वाजवायचं राहून गेलं होतं. 1993 साली 'नाइटकॅप' काढताना बँडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन यानं स्वतः बसून त्या जागांवर नवी बासरी भरली. पुढे 2014 साली स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं मूळ मल्टिट्रॅक रिळांवरून, म्हणजे ज्यांवर वाद्यं वेगवेगळी घेतलेली असतात त्यांवरून, नव्यानं मिक्स केलं, तेव्हा ती नंतरची बासरी बाजूला ठेवली. मित्राकडच्या एलपींवर आहे ते विल्सनचं मिक्स. तेव्हा तुमच्या कानांना शाबासकी. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं ऐकूनही हा फरक सांगू शकत नाहीत.

माझं काम जुन्या टेपा डिजिटल करणं, दुरुस्त करणं आणि मास्टरिंग. तीस वर्षं झाली. त्यामुळे "खरं कोणतं" हा प्रश्न माझ्यासमोर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती रिळं उरली कशी, ते पाहू. 1972 साली जेथ्रो टल फार वर होते. 'थिक ॲज अ ब्रिक' हे दोन बाजू भरून एकच गाणं असलेलं प्रकरण अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पैसा येऊ लागला की ब्रिटनमधला प्राप्तिकर जाचायचा, आणि त्या काळातले बरेच इंग्लिश बँड देश सोडून बाहेर राहायला जायचे. यांनीही तेच केलं. मुक्कामाला स्वित्झर्लंड आणि रेकॉर्डिंगला पॅरिसजवळच्या हेरूव्हिल गावातला जुना वाडा, शातो देरूव्हिल, असा बेत ठरला. मिशेल मान्य या फ्रेंच संगीतकारानं तिथे स्टुडिओ थाटला होता. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच, रात्री-अपरात्री वाजवायचं तिथेच. त्याच वर्षी एल्टन जॉननं तिथे केलेल्या अल्बमच्या नावातच त्या वाड्याचा उल्लेख आहे. पिंक फ्लॉइडनंही 1972 मध्येच तिथे 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' केला.

जेथ्रो टलला मात्र तो वाडा मानवला नाही. यंत्रं कुरकुरत होती, पोटं बिघडली, घरची आठवण यायला लागली. दोन एलपींचा अल्बम करायचा होता, तासाभराचं संगीत टेपवर आलंही होतं, पण मंडळींनी गाशा गुंडाळला आणि सरळ इंग्लंड गाठलं. कर भरायचा तर भरू, पण घरी राहू! या सगळ्या प्रकरणाला त्यांनी पुढे शातो आणि 'डिझास्टर' यांचा सांधा जुळवून एक टोपणनावही दिलं.

परत आल्यावर जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अर्धवट राहिलेलं पूर्ण करायच्या फंदात ते पडले नाहीत. शिळ्या कढीला ऊत आणण्यापेक्षा नवीन लिहू, असं म्हणून थोड्या दिवसांत 'अ पॅशन प्ले' उभा केला आणि तो जुलै 1973 मध्ये बाजारात आला. तोही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि समीक्षकांनी तो सडकून झोडपला. पण जुनं सगळं फेकलं असंही नाही. 'क्रिटीक ओब्लीक' हा तुकडा बदलून 'पॅशन प्ले'मध्ये आला. 'स्केटिंग अवे' आणि 'ओन्ली सॉलिटेअर' ही दोन गाणी 1974 च्या 'वॉर चाइल्ड'मध्ये गेली. माणसांना प्राण्यांच्या रूपात पाहायची जी कल्पना वाड्यात घोळत होती, तिच्यातूनच त्याच अल्बमवरचं 'बंगल इन द जंगल' आलं आणि अमेरिकेत चांगलं गाजलं. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी होतेच. मला ती आवडते, पण फोडणीची पोळी खाऊन रात्रीच्या पोळीची चव सांगता येत नाही. ती रात्रीची पोळी कशी होती, ते या रिळांवर आहे.

आता रिळांकडे. त्या काळात मोठ्या स्टुडिओत 2 इंच रुंदीच्या टेपवर 16 ट्रॅक घेत. सेकंदाला 15 इंच वेगानं चालवली तर 2500 फुटांचं रीळ साधारण 33 मिनिटं पुरतं, 30 इंचांनी चालवली तर त्याच्या निम्मं. एका ट्रॅकवर बास, चार-पाचांवर ड्रम, एकावर गिटार, एकावर गायन, असं वेगवेगळं बसवलेलं. हे सगळे ट्रॅक एकत्र करून त्यांचं प्रमाण ठरवायचं आणि दोन वाहिन्यांवर उतरवायचं, म्हणजे मिक्स. त्या तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायचा, म्हणजे मास्टरिंग. तेव्हा 'रीमास्टर' या शब्दाचा अर्थ तयार मिक्स नव्यानं घासूनपुसून काढणं, आणि 'रीमिक्स'चा अर्थ मागे जाऊन त्या सोळा ट्रॅकपासून पुन्हा सुरुवात करणं. (आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याखाली धडधडता ठेका आणि नाचणारी मुलं आठवतात. तो हा शब्द नव्हे.) तयार मिक्समधून बासरी काढता येत नाही, दुधात विरघळलेली साखर काढता येत नाही तशी. मल्टिट्रॅकवरून मात्र येते. ती वेगळ्या ट्रॅकवर असेल, तर तो ट्रॅक बंद केला की झालं. तुमच्या दोन आवृत्त्यांतला फरक इथून आला आहे.

लोकांना वाटतं, पन्नास वर्षं जुनी टेप म्हणजे मेलेली टेप. उलट आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून ज्या टेपा आल्या, त्यांतल्या कित्येकांचा चिकटद्रव हवेतला ओलावा शोषतो. टेप यंत्रावर चढवली की किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल सोडते. अशा टेपा साधारण 54 अंश सेल्सिअसला काही तास मंद शेकाव्या लागतात, मग त्या थोडे दिवस चालण्याजोग्या होतात. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. पण 1972 ची टेप बहुतेक वेळा त्या भानगडीच्या आधीची असते. तिची दुखणी वेगळी. सांध्यांचा गोंद सुकून तुकडे सुटतात. शिवाय गुंडाळलेल्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, त्यामुळे गाणं सुरू होण्याआधीच त्याची भुतासारखी कुजबुज ऐकू येते. पण एकूण प्रकृती ठणठणीत. 1978 चं रीळ आलं की मी ओव्हन तापवतो, 1968 चं आलं की चहा टाकतो.

खरी अडचण टेपच्या प्रकृतीची नसते. पूर्ण झालेल्या अल्बमचं मल्टिट्रॅक हातात आलं, तर निर्णय आधीच झालेले असतात. कुठला टेक, म्हणजे कुठल्या वेळचं वादन, घ्यायचा, कोरस कुठे वर आणायचा, सगळं. जुनं मिक्स समोर ठेवून त्याच्या जवळ जाता येतं. उरलेल्या रिळात तसं नसतं. एकाच गाण्याचे चार टेक, कुठे नुसतं वाट दाखवण्यासाठी गुणगुणलेलं गायन, कुठे ओव्हरडबसाठी, म्हणजे नंतर वरून वाजवून भरण्यासाठी, सोडलेला रिकामा ट्रॅक. मिक्स करणाऱ्याला, नको म्हटलं तरी, संगीतकाराच्या खुर्चीत बसावं लागतं. गाण्यांचा क्रमसुद्धा तोच लावतो. 'नाइटकॅप'ची सुरुवात 'फर्स्ट पोस्ट' नावाच्या तुकड्यानं होते आणि 'सिनॅरिओ', 'ऑडिशन', 'नो रिहर्सल' ही सलग तिन्ही शेवटी येतात. विल्सनच्या मांडणीत 'द बिग टॉप'नं सुरुवात होऊन 'सिनॅरिओ' आणि 'ऑडिशन' लगेच त्यामागे येतात, आणि 'सेलर' नावाचं एक जादा गाणंही आहे. तेच रेकॉर्डिंग, पण ऐकताना नाटकाचे अंक वेगळे पडतात. सर्कस आणि रंगमंच यांनी पडदा उघडायचा आणि मग प्राणी आत सोडायचे, हा बेत मला 1993 च्या सीडीवरून कधीच कळला नव्हता.

आता बासरी. 1993 मध्ये अँडरसनपुढे दोन वाटा होत्या. रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या किंवा त्या भरायच्या. गाऊन भरणं कठीण होतं, कारण 1984 मध्ये त्याचा घसा बिघडला तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पंचविशीतल्या आवाजाशेजारी पंचेचाळिशीतला आवाज लगेच उघडा पडला असता. बासरी तशी सोयीची. पण तीही वय लपवत नाही. हा माणूस स्वतः शिकलेला. 1967 मध्ये इलेक्ट्रिक गिटार देऊन त्या बदल्यात बासरी घेतली, फुंकून फुंकून जमवली आणि वाजवता वाजवता बासरीतच गुरगुरायची, गायची सवय लावून घेतली. बोटं कुठे ठेवायची, तेही त्याचं तोच ठरवत होता. त्यातली बरीच शास्त्राप्रमाणे चूक आहेत हे त्याला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उमगलं, मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा, आणि त्यानं नव्यानं बोटं बसवली. म्हणून 1972 ची बासरी थुंकी उडवणारी, हवा फुकट घालवणारी, रागीट आहे. 1993 ची गोलसर, सुरेल, शहाणी आहे. तिच्याभोवतीचा प्रतिध्वनीही पुढच्या काळातल्या यंत्राचा. हेडफोन लावून ऐका, ती बँडच्या खोलीत उभी नाही, दारात उभी आहे.

यात खोटेपणा आहे का? माझं उत्तर सरळ "हो" किंवा "नाही" असं नाही. ज्याचं गाणं, त्यानंच ते भरलं, त्याचा तो हक्क आहे. माझी कुरकुर एवढीच की ऐकणारा ते सगळं 1972 समजून ऐकतो आणि "तेव्हासुद्धा हे किती संयत वाजवत होते" असले निष्कर्ष काढतो. मीही काढले होते, आणि चारचौघांत बोलूनही दाखवले होते. वेष्टनावर काय छापलंय ते कान वाचत नाहीत.

माझ्या हातूनही एकदा असं झालं आहे, म्हणून जरा जपून बोलतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निर्मात्यानं जुन्या भावगीतांची काही अप्रकाशित रिळं आणली. एका गाण्यात अंतऱ्यापूर्वी पेटी अचानक थांबते आणि नुसता तबला चार मात्रा जातो. निर्माता म्हणाला, "इथे पोकळ वाटतंय, सिंथचा एक हलका थर टाका." घरी बिलं पडलेली होती. टाकला. गाणं बाहेर आलं, लोकांना आवडलं. पुढे पेटीवाल्या बुजुर्गांची एका कार्यक्रमात गाठ पडली. रागावले नाहीत. म्हणाले, "तिथे बाईंनी श्वास घेतलाय, तो ऐकू यावा म्हणून मी हात उचलला होता." मी मूळ रीळ परत मागवायला गेलो, तर ते कुठे गेलं हे निर्मात्यालाही सांगता येईना. त्या दिवसापासून जे येईल ते आधी जसंच्या तसं, हात न लावता, 24 बिट 96 किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीपेक्षा बारीक तपशिलात, उतरवून दोन ठिकाणी ठेवतो. नंतर काय थर टाकायचे ते टाका.

विल्सनचं काम मला भावतं ते त्यामुळे. 'पोर्क्युपाइन ट्री'चा हा गायक-गिटारवादक किंग क्रिम्झन, येस, जेंटल जायंट या सगळ्या बँडांच्या रिळांवरून हात फिरवून आलेला आहे. जेथ्रो टलचे अल्बम त्यानं 2011 च्या 'ॲक्वालंग'पासून एकेक घेतले. सुधारणा करण्याची खाज त्याच्यात कमी आहे. मूळ मिक्सच्या जवळ राहतो, आवाज उगाच फुगवत नाही आणि रिकामं आहे ते रिकामं ठेवतो. 2014 चा संच मूळचा 'अ पॅशन प्ले'चा, वाड्यातली रेकॉर्डिंग्ज त्याला जोडलेली. त्यात 'पॅशन प्ले'मधल्याच एका गाण्याची मूळ अल्बममधून कापलेली दोन कडवीही परत बसवली आहेत. तिथे मात्र त्याच्याशी माझं पटत नाही. 1973 मध्ये ती कडवी विचार करून कापली होती. अपुरं राहिलेलं आणि कापून टाकलेलं, या दोन वेगळ्या जाती आहेत.

'नाइटकॅप' एकटाच दोषी आहे असं मात्र समजू नका. जेनेसिस या बँडनं 1998 मध्ये 1967 ते 1975 या काळाचा जुना माल बाहेर काढला. त्यातल्या 1975 च्या मैफलीच्या रेकॉर्डिंगवर त्यांचा गायक पीटर गेब्रिएलनं बराचसा भाग वीस वर्षांनी पुन्हा गाऊन बसवला आहे, स्टीव्ह हॅकेटनं गिटारही दुरुस्त केली आहे. मैफलीचं रेकॉर्डिंग म्हणून ते ऐकताना मला चुकचुकल्यासारखं होतं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा 'टाइम व्हॉल्ट्स' हा अल्बम. 1972 ते 1975, म्हणजे बँड मोडलेला असतानाच्या मधल्या काळातल्या तालमी, 1982 मध्ये जशा होत्या तशा काढलेल्या. घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतल्यासारखा दबका, खरखरीत आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा दहा मिनिटांत बंद केला. आता वर्षातून एकदा तरी ऐकतो. ह्यू बँटनचा ऑर्गन आणि डेव्हिड जॅक्सनचा सॅक्सोफोन श्रोत्यांची पर्वा नसताना कसे वाजतात, ते तिथेच सापडतं. पण मित्राला भेट म्हणून कधी देणार नाही.

शातोची रिळं या दोहोंच्या मध्ये बसतात. आवाज उत्तम, संगीत अपुरं. "हरवलेली उत्कृष्ट कलाकृती" वगैरे जाहिरातीवर जाऊ नका. प्राण्यांवरची काही गाणी विनोद करता करता दमतात, आणि काही ठिकाणी वादन इतकं गुंतागुंतीचं आहे की गाणं कुठे बसवायचं हे त्यांनाही सुचलं नसावं असं वाटतं. पण जेथ्रो टलच्या बॅरीमोर बार्लोचे ड्रम ऐका. 'पॅशन प्ले'मध्ये ते दाट वस्तीत राहतात, इथे त्यांना अंगण आहे. 'लेफ्ट राइट'मधला ताण ऐका. आणि 'ओन्ली सॉलिटेअर' जरूर ऐका, कारण त्यानं माझा एक जुना समज मोडला. हे समीक्षकांना टोले हाणणारं गाणं 1974 मध्ये आलं, म्हणून मी पक्कं धरून चाललो होतो की 'पॅशन प्ले'वर जी टीका झाली तिला हे उत्तर आहे. पण रेकॉर्डिंग 1972 चं! तोवर 'पॅशन प्ले' लिहूनही झाला नव्हता. टोला आधी आणि मार नंतर. असला एखादा धागा हाती लागावा म्हणून मी उरलेली रिळं ऐकतो.

आता पैशांचं. 2014 चा पुस्तकासारखा संच, दोन सीडी आणि दोन डीव्हीडींचा, कुणाकडे असेल तर नव्या एलपींत ऐकायला नवीन काही नाही. तुमच्याकडे तो नाही, तेव्हा विल्सनचं मिक्स कुठल्या तरी रूपात घ्याच. एलपीच हवी असेल तर वेष्टन मोठं आणि देखणं मिळतं म्हणून घ्या, "अस्सल ॲनालॉग" म्हणून नको. टेप डिजिटल झाली, संगणकात मिक्स झालं, त्यावरून तबकडी कापली, असा तो प्रवास आहे. तो वाईट नाही, फक्त त्याला उगाच पावित्र्य चिकटवू नका. एलपी वाजवायला बरा टर्नटेबल नसेल तर तेवढ्या पैशांत आधी एक चांगला हेडफोन येतो, आणि या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकायला त्याचाच उपयोग जास्त.

काकांची सीडी मात्र देऊन टाकू नका. तिच्या दुसऱ्या तबकडीवरची पुढच्या वर्षांतली उरलीसुरली गाणी या एलपींवर नाहीत. आणि पहिली तबकडी 1972 चा पुरावा म्हणून लंगडी असली, तरी 1993 चा पुरावा म्हणून पक्की आहे. 1994 मध्ये जेथ्रो टल मुंबईत वाजवून गेले. मी बराच मागे उभा होतो, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून अर्धा मंच दिसत होता. त्या रात्री जी बासरी ऐकली ती हीच, गोलसर आणि शहाणी. काकांना विचारून पाहा, तेही होते का तिथे.